नोटांचे माहेर : नाशिक

नाशिकला आपले जाणे होते ते गोदावरीच्या स्नानाला, त्र्यंबकराजाच्या दर्शनाला, नाही तर माल घालून त्याची पट्टी आणायला. हातात नोटा आल्या की त्या मोजायच्या, कनवटीला लावायच्या आणि संध्याकाळची एस. टी. गाठायची. वाचकहो, पुढच्या खेपेला एक दिवस जास्तीचा काढा. ज्या नोटा तुम्ही मोजून घेता त्यांतल्या कित्येक याच गावात छापल्या जातात, आणि पैशाविषयी घरातली पोरे जे प्रश्न विचारून आपल्याला भंडावतात, त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे नाशिकच्या आसपास हिंडता हिंडता मिळतात.

सुरुवात नाशिक रोड स्टेशनापासूनच करा. स्टेशनाच्या भागातच उंच भिंतींचे, कडक पहाऱ्याचे मोठे आवार आहे. लोक त्याला नुसते 'प्रेस' म्हणतात. खरे म्हणजे हे दोन छापखाने आहेत. एकात टपालाची तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्टाची पुस्तके छापतात, दुसऱ्यात नोटा. आत आपल्याला कोणी जाऊ देणार नाही, तेव्हा तो नाद सोडा. बाहेरच्या टपरीवर चहा घ्या आणि खिशातली नोट काढून नीट पाहा. बघण्यासारखे तिच्यावरच पुष्कळ आहे.

पूर्वी हिंदुस्थानच्या नोटा विलायतेत छापून बोटीने इकडे येत. १९२८ साली नाशिकच्या छापखान्यातून पहिली नोट निघाली, ती पाच रुपयांची, पंचम जॉर्ज बादशहाच्या चित्राची. रिझर्व्ह बँक तेव्हा जन्मालाही आली नव्हती. ती १९३५ साली निघाली. आज नाशिकखेरीज मध्य प्रदेशातील देवास, कर्नाटकातील म्हैसूर आणि बंगालमधील सालबोनी अशा तीन ठिकाणीही नोटा छापतात.

आता कागद चिमटीत धरून पाहा. नोट चुकून सदऱ्याच्या खिशात राहिली, धुण्यात गेली, तरी वाळवल्यावर पुन्हा चालते. वहीचे पान असे धुऊन पाहा म्हणजे फरक कळेल. याचे कारण नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो. हा कागद आपण पूर्वी परदेशातून आणत असू. पुढे १९६८ साली नर्मदेकाठी होशंगाबादला (आता त्याचे नाव नर्मदापुरम) त्याची गिरणी निघाली. ज्यांच्या रानात पऱ्हाटी उभी असते त्यांनी तरी हे ध्यानात ठेवावे, की आपण कापूस विकून कापसाचाच कागद घरी आणतो.

नोटेच्या मागल्या बाजूला एका चौकटीत पंधरा भाषांत तिची किंमत लिहिलेली असते. वरून मोजत या. आठवी ओळ मराठीची, आणि सहावी ओळ आपल्या शेजारच्या कोकणीची. वीस रुपयांची हिरवट पिवळी नवी नोट असेल तर तिच्या पाठीवर वेरूळची लेणी दिसतील. आणि पेटीच्या तळाशी पाच रुपयांची जुनी नोट सापडली, तर तिच्यावर ट्रॅक्टरने नांगरणारा शेतकरी आहे. ती नोट आता छापत नाहीत, पण ती बाद झालेली नाही.

आकडे छापलेल्या जागी कधी कधी एक चांदणी दिसते. २०२३ साली अशा नोटा खोट्या असल्याची आवई उठली होती. त्यात तथ्य नाही. छापताना एखादी नोट बिघडली की तिच्या जागी दुसरी घालावी लागते, आणि गड्डीतली अशी बदली नोट ओळखू यावी म्हणून तिच्यावर चांदणी छापतात.

नोटेवर सही कोणाची? दोन रुपयांपासून वरच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराची, आणि धारकाला तेवढे रुपये देण्याचे त्याचे वचन. एक रुपयाची नोट मात्र निराळी. ती भारत सरकारची, तिच्यावर सही अर्थखात्याच्या सचिवाची, आणि तिच्यावर वचन नसते. कारण ती स्वतःच रुपया आहे, रुपया देण्याचे वचन नव्हे. १९९४ साली ही नोट छापणे बंद झाले होते. २०१५ पासून ती पुन्हा निघाली.

इथे पोरगे हटकून विचारते, "छापखाना आपलाच आहे, तर मग भरपूर छापून सगळ्यांना वाटत का नाहीत?" त्याला गावच्या बाजाराचा दाखला द्या. बाजारात मेथीच्या शंभर जुड्या आल्या आहेत आणि गावकऱ्यांच्या हातात मिळून हजार रुपये आहेत. रात्रीतून त्या हजाराचे दोन हजार झाले म्हणून सकाळी मेथी दोनशे जुड्या होत नाही. जुडीचा भाव तेवढा चढतो. ज्याने चार वर्षे पोटाला चिमटा घेऊन पैसे साठवले असतील तो त्यात सगळ्यात आधी मरतो. म्हणून किती नोटा काढायच्या याला हिशेब असतो, आणि जेवढ्या काढल्या तेवढ्या किमतीचे सोने, परकी चलन व सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला आपल्याजवळ दाखवावे लागतात.

फाटक्या नोटेचे काय, हा प्रश्न घरोघरचा. कणगीत ठेवलेली नोट उंदराने कुरतडली, की आपण ती मारवाड्याच्या दुकानात गुपचूप खपवायला बघतो किंवा बाजारात बदलून देणाऱ्याला निम्म्या किमतीत देऊन टाकतो. तसे करू नका. सरळ राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जा. खाते असो वा नसो, नोट बदलायला पैसे पडत नाहीत. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा निम्म्याहून मोठा अखंड तुकडा शिल्लक असेल तर पूर्ण किंमत मिळते, नाही तर काहीच नाही. पन्नास व त्याहून मोठ्या नोटेचा एक तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मी. जळून कोळसा झालेल्या, हात लावताच तुकडे पडणाऱ्या नोटा बँकेच्या शाखेत घेत नाहीत, त्या रिझर्व्ह बँकेच्या कचेरीतच न्याव्या लागतात.

नाण्यांचेही तसेच. दहा रुपयांचे नाणे चालत नाही म्हणून बाजारात कितीदा तरी हुज्जत होते. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली जाहीर केले आहे, की त्या नाण्याच्या तोपर्यंतच्या चौदाही तऱ्हा खऱ्या आहेत. पन्नास पैशांचे नाणेही कायद्याने चालते. चार आणे मात्र २०११ च्या जूनअखेर बंद झाले. नाणी नाशिकला होत नाहीत, ती टांकसाळीत पाडतात. कोणत्या टांकसाळीत ते सालाच्या खाली पाहून कळते. चौकोनी हिऱ्याची खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, आणि काहीच खूण नसेल तर कलकत्त्याचे. पोरांच्या हाती मूठभर चिल्लर द्या, तासभर घर शांत राहील.

प्रेसच्या भिंतीवरून पुढे पांडवलेण्यांकडे चला. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून डोंगर आहे, त्याचे जुने नाव त्रिरश्मी. पायऱ्या चढताना दम लागतो, पण वर चोवीस लेणी आहेत, आणि आपल्या विषयाचे लेणे दहाव्या क्रमांकाचे. लोक येतात, मूर्ती पाहतात, फोटो काढतात आणि उतरतात. भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे कोणी बघत नाही. ती अक्षरे म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे एक ठेवीचे कागदपत्र आहे!

त्या वेळी इथे नहपान नावाच्या क्षत्रपाचे राज्य होते. त्याचा जावई उषवदात. त्याने हे लेणे भिक्षूंना दिले आणि त्यांच्या खर्चासाठी ३,००० कार्षापणे, म्हणजे त्या काळचे रुपये म्हणा, ठेव म्हणून गुंतवली. कोठे गुंतवली? जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या संघांकडे. २,००० एका संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १,००० दुसऱ्या संघाकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, नुसते व्याज वापरायचे, असे स्पष्ट लिहिले आहे. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे द्यायची. आता हिशेब करा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंचे बारा-बारा, तेही दोनशे चाळीस. एका कवडीचा फरक नाही.

हे वाचून मला त्या माणसाच्या व्यवहाराचे फार कौतुक वाटते. एक तर त्याने सगळी रक्कम एकाच संघाकडे ठेवली नाही. दुसरे म्हणजे नुसत्या तोंडच्या बोलीवर विसंबला नाही. गावच्या निगमसभेत हे जाहीर करून रीतीप्रमाणे नोंदवले आहे, असे लेखातच म्हटले आहे. वर पुन्हा दगडावर कोरून ठेवले. आपण मात्र जन्माची पुंजी ओळखीच्या माणसाच्या शब्दावर, जास्त व्याजाच्या आशेने एकाच पतसंस्थेत ठेवतो आणि पावतीही नीट पाहत नाही. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. बँक, मग ती सहकारी असली तरी, बुडाली तर एका ठेवीदाराला एका बँकेतील मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. २०२० पूर्वी ते एक लाखाचे होते. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. दोन्हींच्या पाट्या सारख्याच दिसतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी हे विचारून घ्या.

आणि 'शेकडा' हा शब्द पाहा. एकोणीसशे वर्षांत आपण तो सोडलेला नाही. खेड्यात अजून कर्जाची बोली शेकड्यावरच होते. पण बँकेचा दर वर्षाचा असतो आणि शेकडा महिन्याचा, येथेच माणूस फसतो. 'शेकडा तीन' कानाला हलके वाटते, बँकेचे पीककर्ज 'सात टक्के' जड वाटते. वास्तविक शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. दहा हजार रुपये घेतले तर महिन्याला तीनशे. चौतीस महिन्यांत व्याजापोटीच दहा हजारांवर गेलेले असतात, आणि मुद्दलाचे दहा हजार जसेच्या तसे उभे. घरात लग्न निघाले, बैल मेला, दवाखाना लागला, की माणूस हा हिशेब करायच्या मनःस्थितीत नसतो, हे खरे. म्हणूनच तो आधी, घरात सगळे ठीक असताना, करून ठेवावा. शिवाय महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करता येत नाही, आणि सावकारीच्या व्यवहारात गिळलेली जमीन परत मिळावी म्हणून सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करण्याची सोय त्याच कायद्यात आहे.

त्याच डोंगरावर तिसऱ्या क्रमांकाचे लेणे आहे. ते नहपानाचा पाडाव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीच्या घराण्याचे. त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख तिथे आहे. राजा हरला, मग लोकांच्या घरातल्या त्याच्या चांदीच्या नाण्यांचे काय झाले? याचे उत्तर १९०६ साली सिन्नर तालुक्यात मिळाले. गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावर जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे नहपानाच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा ठेवा सापडला. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. नाणी वितळवली नाहीत, बादही केली नाहीत. जुन्याच नाण्यावर नवा शिक्का मारला, की चालले. खालचा नहपानाचा चेहरा कित्येक नाण्यांवर अजून दिसतो. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा बदलायला जे रांगेत उभे राहिले त्यांना सातकर्णीची रीत आवडेल. पण त्याचे नाणे चांदीचे होते, हेही विसरू नये. चांदीवर शिक्का फिरवता येतो, कागदावर नाही.

दुपारनंतर त्र्यंबकच्या रस्त्याला लागा. वाटेत अंजनेरीच्या डोंगराच्या पायथ्याशी नाण्यांचा अभ्यास करणारी एक संस्था आहे, १९८० साली स्थापन झालेली. तिच्या संग्रहालयात खरी नाणी, त्यांच्या प्रतिकृती आणि चित्रे यांतून नाण्यांचा इतिहास मांडलेला आहे. जाण्यापूर्वी उघडे आहे का याची चौकशी करावी. शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी असते. राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून, ती चालू झाली आणि महाराजांच्या मागेही कितीतरी वर्षे चालली. याच जिल्ह्यात चांदवडला पेशवाईत टांकसाळ होती, तिथला तो चांदवडी रुपया. तेव्हा टांकसाळी अनेक, प्रत्येकीचा रुपया वेगळ्या कसाचा. एक देऊन दुसरा घ्यायचा तर सराफ त्यात कापून घेई, त्याला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागणे आपण अजून म्हणतो, ते तिथलेच.

शिवराई तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नांगरटीत, विहीर खणताना, जुन्या वाड्याची भिंत पाडताना ती अजून निघते. एखाददुसरे तांब्याचे नाणे सोडा, पण दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा निघाला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टराला लेखी कळवावे लागते. दडवले तर गुन्हा होतो आणि हक्कही जातो. कळवले, आणि कोणी धनी पुढे आला नाही, तर करार नसल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जमीनमालकाचा, अशी वाटणी कायद्यात आहे. सरकारला तो ठेवा हवा असेल तर ते धातूच्या किमतीवर एक-पंचमांश जास्त देऊन घेऊ शकते. तोवर ते नाणे चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करण्याचा मोह आवरा. अक्षरे घासली जातात, आणि नाणे कोणाच्या राज्यातले हे त्या अक्षरांवरूनच ओळखता येते.