एका पंगतीत दोन पाने

घरातील वडीलधाऱ्यांना "आज काय खाल?" असे आपण रोज विचारतो आणि बहुधा "काहीही चालेल" हेच उत्तर ऐकतो. पुढे ताट मात्र तसेच परत येते. हा हट्ट आहे असे समजून रागावण्यापूर्वी एक निराळा प्रश्न विचारून पाहावा: "तुम्हाला आठवणारे सर्वांत सुखाचे जेवण कोणते?"

वय वाढते तशी घ्राणशक्ती क्षीण होते आणि चव बव्हंशी वासावर अवलंबून असल्याने अन्न बेचव वाटू लागते. काही औषधांनी तोंडाला कोरड पडते, कवळी सैल होते, बद्धकोष्ठतेचा त्रास असतो. कधी मनच उदास असते. सहा ते बारा महिन्यांत प्रयत्नावाचून वजन ५ टक्क्यांनी घटले, म्हणजे ६० किलोंच्या माणसाचे ३ किलोंनी, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. पुढे सांगते ते या तपासणीच्या जोडीला करावयाचे आहे.

माझे माहेर रोह्याचे, सासर पेणचे. १९७४ साली माझे लग्न झाले तेव्हा ही दोन्ही गावे कुलाबा जिल्ह्यात मोडत; रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. सासरी पुरुषांची पंगत आधी बसे, स्त्रिया मागाहून जेवत. लग्नातला घास सोडला, तर तीन आठवडे मी यजमानांना जेवण वाढले होते. त्यांच्या शेजारी बसून जेवले नव्हते.

मग आम्ही म्हैसूरला निघालो. पेणहून एस.टी.ने मुंबई गाठली आणि दादरला मामेसासऱ्यांकडे मुक्काम केला. गाडी दुसऱ्या दिवशीची होती. संध्याकाळी यजमान मला माटुंग्याला घेऊन गेले. तेथील दाक्षिणात्यांची वस्ती जुनी, आणि स्टेशनजवळचे ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचे. मुंबईत शिकताना यजमान तेथे जेवलेले होते. आम्हाला शेजारी शेजारी दोन पाने मिळाली.

केळीचे पान मला नवे नव्हते; रोह्याला सणासुदीस पानेच मांडली जात. आमसुलाचे सार मात्र आम्ही वाटीत घ्यायचो. येथे चिंचेचे, मिरी-जिऱ्याचे कढत रसम वाढप्याने थेट पानावरच्या भातावर ओतले आणि ते चहूकडे पळू लागले. माझी तारांबळ पाहून यजमानांनी आपल्या भाताला मधोमध आळे केले. "अगं, आधी बांध घाल, मग पाणी सोड," ते म्हणाले. खारेपाटातल्या शेतकऱ्याच्या घरचा माणूस दुसरे काय सांगणार! मी हसले, तेही हसले. त्या रात्री पायसम येईपर्यंत आम्ही दोघे बोलत होतो. आमच्या संसारातले पहिले मोकळे बोलणे ते.

यजमान आता ७८ वर्षांचे आहेत. त्यांना विस्मरणाचा आजार आहे. तपासण्या झाल्या, औषधे बदलली, कवळी नीट बसवली. तरी दोन घासांवर ताट बाजूला सारले जाई. एका दुपारी मी केळीचे पान मांडले, मऊ भात वाढला, रसम केले आणि शेजारी स्वतःचे पान घेऊन बसले. त्यांनी बराच वेळ पानाकडे पाहिले. मग बोटांनी भाताला आळे केले आणि मला म्हणाले, "बांध घाल." अर्धा भात संपला. दुसऱ्या दिवशी ताट पुन्हा परत आले; परंतु आता आठवड्यातून तीन-चार वेळा तरी पोटभर जेवण होते. कधी ते विचारतात, "गाडी किती वाजता?" मी सांगते, "उद्या आहे." तेवढ्याने ते स्वस्थ होतात.

अशा आजारात नुकतेच घडलेले आधी पुसले जाते. तरुणपणीचे पुष्कळ काळ टिकते. वृद्धांनी गतकाळ आठवणे ही निरर्थक बडबड नसून आयुष्याचा स्वाभाविक आढावा असतो, असे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच मांडले होते.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. पांढऱ्या ताटातला पांढरा भात मंद नजरेला दिसत नाही. हिरव्या पानावर तो उठून दिसतो. पान नसेल तर गडद रंगाचे ताट घ्यावे. रुग्णाला ताठ बसवावे आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. पातळ पदार्थ गिळताना ठसका लागत असेल, तर रसम देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मिरी-जिऱ्याच्या वासाने मीठ थोडे कमी करता येते. रक्तदाब असल्यास पापड-लोणचे आवरावे. मधुमेहींनी भात बेताचा घ्यावा आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास पथ्य ठरवून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाढून निघून जाऊ नये. शेजारी बसून आपणही जेवावे.

आणि आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर आपले ते जेवण आजच एका वहीत लिहून ठेवा: गाव कोणते, पानात काय होते, शेजारी कोण बसले होते. उद्या आपल्याला भरवणाऱ्या हातांना ते ठाऊक असलेले बरे.