तांबडा पाठ

वडील गेल्यावर त्यांच्या कवितांच्या दोन वह्या हाती आल्या. दोन्ही सुवाच्य, दोन्हींवर तारीख नाही. बऱ्याच कविता दोन्हींत होत्या, मात्र अधूनमधून शब्द बदललेला. मी सारे टंकून घेतले आणि पायथनमध्ये लहानशी आज्ञावली लिहिली: ओळी ताडून पाहायच्या, आणि जिथे पाठभेद असेल तिथे मी निवडलेला शब्द टर्मिनलवर तांबडा उमटवायचा.

असा रंग देणे म्हणजे शब्दाआधी खूण पेरणे. प्रथम एस्केप हे २७ क्रमांकाचे, न दिसणारे चिन्ह. मग चौकटी कंस, ३१ हा आकडा आणि एम हे अक्षर. तेथून पुढचे सारे तांबडे. ३१ च्या जागी शून्य घालून तीच खूण पुन्हा दिली की रंग पूर्ववत. ती विसरली तर पुढच्या कवितेलाही रंग लागतो. अमेरिकेत १९७९ साली प्रमाण ठरलेली ही रीत आजही चालते. म्हणजे रंगाची आज्ञा मजकुरातच असते. टर्मिनल ती पाळते, म्हणून आपल्याला ती दिसत नाही.

तोच मजकूर फाइलीत साठवला, तेव्हा ओळीओळींत कंस आणि आकडे विखुरलेले दिसले. मी ते गाळले आणि स्वच्छ प्रत बहिणीला पाठवली. तिने फोनवर एक ओळ वाचली आणि म्हणाली, ''बाबांचा शब्द किती नेमका!'' शब्द बाबांचाच होता, पण दोहोंतून तो मी निवडला होता. माझी साशंकता त्या रंगात होती, आणि तो मीच पुसला होता.

पुण्यात राहणाऱ्याला याचे उत्तर दूर शोधावे लागू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुखठणकरांनी अनिश्चित पाठाखाली नागमोडी रेघ छापली आणि पाठभेद पानाच्या तळाशी दिले. त्यांचे आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. सबंध संहिता व्हायला १९६६ उजाडले. ग्रंथ जिथे जातो, तिथे ती रेघही जाते. संपादकाची शंका वाचकापर्यंत पोचते.

आता तांबडा रंग मी फक्त माझ्या सोयीपुरता ठेवला आहे. बहिणीला पाठवलेल्या नव्या प्रतीत निवडलेल्या शब्दापुढे फुली आहे आणि ओळीखाली दुसऱ्या वहीतला शब्द. दोन ठिकाणी तिने माझी निवड नाकारली. तिचे बरोबर असावे.