पोच पावतीवरचं नाव

जूनमधला बाजाराचा दिवस होता. दहावीचा निकाल लागला होता आणि अकरावी, आयटीआयच्या प्रवेशांची धावपळ सुरू होती. धडगावातल्या माझ्या सेवा केंद्राच्या ओट्यावर सकाळी आठपासून माणसं बसली होती. नर्मदेकाठच्या एका पाड्यावरून वडील आणि मुलगी आले होते. उत्पन्नाचा दाखला हवा होता. पहाटे अंधारात निघायचं, डोंगर चढायचा-उतरायचा, मग जीप धरायची, असा त्यांचा प्रवास. त्यांचं काम आटोपलं. पोच पावती छापली, शिक्का मारून हातात दिली आणि मी पुढच्या माणसाकडे वळले. अर्ध्या तासाने ती मुलगी धापा टाकत परत आली. जीप सुटायच्या बेतात होती, वडील जीपवाल्याला थांबवून उभे होते. तिने पावती माझ्यापुढे धरली.

"ताई, यावर बाबांचं नाव नाही."

नाव एका आजींचं होतं. त्यांनाही उत्पन्नाचाच दाखला हवा होता, निराधारांच्या पेन्शनसाठी. मी संगणकावर पाहिलं आणि हातपाय गार पडले. आजींचा अर्ज दाखल झाला होता आणि त्याला या मुलीच्या वडिलांचं रेशनकार्ड जोडलेलं होतं. वडिलांचा अर्ज कुठेच नव्हता. वडिलांना वाचता येत नव्हतं. मुलगी नुकतीच दहावी झाली होती म्हणून तिने पावती वाचली. नाहीतर पंधरा दिवसांनी दाखला घ्यायला ते परत आले असते, तेव्हा कळलं असतं की अर्ज केलेलाच नाही. आणि तोवर प्रवेशाची तारीख उलटून गेली असती.

बापलेकीला मी बसवून घेतलं, अर्ज पुन्हा भरला, शुल्क मी भरलं. आजींना मात्र दुरुस्तीसाठी आणखी एकदा यावं लागलं. त्यांचा तो हेलपाटा अजून माझ्या मनात आहे.

हे झालं कसं, ते समजायला मला बरेच दिवस लागले. मी केलं होतं इतकंच: वडिलांचं रेशनकार्ड स्कॅन करून लहान होईपर्यंत दुसऱ्या टॅबमध्ये आजींचा अर्ज सुरू केला. मग पहिल्या टॅबवर परत येऊन कागद जोडले आणि अर्ज दाखल केला. डोळ्यांसमोर दोन टॅब होते, दोन नावं होती. माझ्या लेखी ते टेबलावरचे दोन वेगळे कागद होते.

सुट्टीत आलेल्या, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याने ते उलगडून सांगितलं. आपण लॉगिन केलं की संकेतस्थळ ब्राउझरला एक चिठ्ठी देतं. तिला कुकी म्हणतात. त्यानंतर प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर ती चिठ्ठी दाखवतो. पण एका ब्राउझरमधल्या सगळ्या टॅबना चिठ्ठी एकच असते. पलीकडे काउंटरवर बसलेला माणूस, म्हणजे संकेतस्थळाचा सर्व्हर, एका चिठ्ठीवर एकच फाईल उघडी ठेवत असेल, तर दुसऱ्या टॅबमध्ये नवा अर्ज सुरू करताच तो पहिली फाईल बाजूला सारतो. मग पहिल्या टॅबमधून काहीही पाठवलं तरी ते नव्या फाईलीत जातं. पडद्यावर पहिलंच नाव दिसत राहतं, कारण ते पान आधीच येऊन पडलेलं असतं.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटते. कुकी नेटस्केप ब्राउझरसाठी 1994 मध्ये तयार झाली. टॅब घरोघरी पोचले ते त्यानंतर दहा वर्षांनी: 2004 मध्ये फायरफॉक्स आला, 2006 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या सातव्या आवृत्तीत टॅब आले. म्हणजे चिठ्ठीची पद्धत एका खिडकीच्या काळातली आणि आमचं काम वीस टॅबच्या काळातलं. तरीही यावर इलाज नाही असं नाही. प्रत्येक टॅबसाठी वेगळी साठवण ब्राउझरमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. प्रत्येक अर्जाला त्याचा स्वतःचा क्रमांक देऊन तो दर वेळी तपासता येतो. संकेतस्थळ बांधणाऱ्याने तेवढं मनावर घ्यायला हवं.

"मग इतके टॅब उघडताच कशाला?" असं मला शहरातल्या एका प्रशिक्षणात विचारलं गेलं होतं. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आज देते. आमच्याकडे टॅब म्हणजे अडलेलं काम. एक टॅब ओटीपीची वाट पाहत असतो. दुसऱ्यात सातबारा उघडायला घेतलेला असतो. तिसऱ्यात फोटो ठरलेल्या मापात बसवणं चालू असतं. चौथ्यात शुल्क भरल्याचा निरोप बँकेकडून यायचा असतो आणि पाचव्यात आधारवरचं नाव रेशनकार्डावरच्या नावाशी का जुळत नाही ते पाहायचं असतं. नेट मंद असलं की प्रत्येक अडकलेलं पान दुसरं पान उघडायला लावतं. ओट्यावर वीस माणसं असताना एका ओटीपीसाठी हात बांधून बसून राहणं मला जमत नाही.

आणि ओटीपीची गोष्ट तर आमच्या जिल्ह्याच्या जगण्याशी जोडलेली आहे. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. घरात एकच मोबाईल असला तर तो कर्त्या माणसासोबत बारडोलीच्या फडात असतो. बायको इथे माझ्यासमोर बसलेली, आणि ओटीपी तिकडे कोयता चालवणाऱ्या नवऱ्याच्या खिशात. शेजाऱ्याच्या फोनवरून त्याला फोन लावायचा, त्याने कोयता ठेवून निरोप पाहायचा, आकडे वाचता येणारा कुणीतरी गाठायचा. तोवर पडद्यावर ओळ येते: वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा. भरलेले तीस रकाने कोरे झालेले असतात.

कधी वेळ संपत नाही, पण टॅबच रिकामा होतो. माझ्या संगणकात 4 जीबी रॅम आहे. स्मृती कमी पडली की ब्राउझर बराच वेळ न पाहिलेले टॅब झोपवतो. वरचं नाव तसंच राहतं, पण आतलं पान त्याने सोडून दिलेलं असतं. आपण परत गेलो की ते नव्याने मागवलं जातं आणि भरलेला मजकूर कधीकधी गेलेला असतो. स्मृती वाचवणं चांगलंच आहे, जुनी यंत्रं त्यामुळे चालतात. पण बातमीचं पान आणि एखाद्याचा अर्धा भरलेला अर्ज यांच्यात दर वेळी फरक करायला नको का? मला दिवसभरात लागणारी संकेतस्थळं झोपवू नयेत असा अपवाद सेटिंगमध्ये नोंदवता येतो, हे मला फार उशिरा कळलं. ते आधी कळलं असतं तर किती जणांचे तास वाचले असते.

आणखी एक अडचण कोणत्या ब्राउझरमध्ये काय चालतं याची. माझ्या टेबलाखाली एक जुना संगणक आहे. डिजिटल सहीच्या कामासाठी एक संकेतस्थळ जुनाच ब्राउझर आणि जावाचा जोडतुकडा (प्लगइन) मागायचं, म्हणून तो मी जपून ठेवला. तसे जोडतुकडे क्रोमने 2015 मध्ये बंद केले, फायरफॉक्सने 2017 मध्ये. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार 15 जून 2022 रोजी संपला. त्यानंतरही जुन्या पानांसाठी एज ब्राउझरमध्ये जुन्या पद्धतीची सोय ठेवावी लागली, यावरूनच किती कामं मागे अडकली होती ते समजतं. ब्राउझर पुढे गेला, संकेतस्थळ मागे राहिलं आणि त्या फटीत सापडला तो ओट्यावरचा माणूस. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचंही तसंच. त्याची सेवा संगणकातच चालते आणि पानाला तिच्याशी बोलावं लागतं. ब्राउझर रात्रीतून बदलला की सकाळी ते बोलणं कधीकधी बंद पडलेलं असतं. खडी फोडून झिजलेली बोटं आजोबा पुन्हा पुन्हा काचेवर दाबतात. त्यांना वाटतं, दोष आपल्या बोटांचाच आहे.

इथे मला टेंभली आठवते. आमच्याच जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं हे गाव. 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातलं पहिलं आधार इथे दिलं गेलं. बारा आकडे, आणि त्यामागचा विचार असा की हा माणूस हाच, दुसरा कुणी नाही. ज्या जिल्ह्यातून ही सुरुवात झाली, त्याच जिल्ह्यात एका आजींच्या अर्जाला दुसऱ्याचं रेशनकार्ड चिकटतं, तेव्हा मला फार वाईट वाटतं. क्रमांक वेगळा दिला, पण ज्या खिडकीतून तो क्रमांक पुढे जातो तिथे माणसं वेगळी ठेवायची राहून गेली.

त्या जूननंतर मी काम करण्याची रीत बदलली. माझ्यासारखं काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून ती सांगते. एका संकेतस्थळावर एका वेळी एकच अर्ज. दुसरा अगदी अडलाच तर ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल उघडायचं, कारण प्रोफाइल वेगळं तर चिठ्ठी वेगळी. फायरफॉक्समध्ये 2017 पासून कंटेनर नावाची सोय आहे. तिच्यात एकाच खिडकीतले टॅबही परस्परांपासून वेगळे राहतात आणि रंगाने ओळखता येतात. अर्थात, एकाच वापरकर्त्याला दोनदा लॉगिन करू न देणाऱ्या संकेतस्थळावर याचाही उपयोग नाही. तिथे एकामागून एक हाच मार्ग. आणि पावती हातात देण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचायचं, समोरच्याने "हो" म्हटल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.

पण सगळं ओझं केंद्र चालवणाऱ्यावर टाकून भागणार नाही. संकेतस्थळ अ‍ॅपसारखंच वागावं, नेट गेलं तरी उघडावं, भरलेलं जपून ठेवावं आणि नेट आलं की पाठवावं, या कल्पनेला 2015 मध्ये फ्रान्सिस बेरिमन आणि अ‍ॅलेक्स रसेल यांनी प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप असं नाव दिलं. त्यासाठी लागणारी यंत्रणा आज प्रमुख ब्राउझरमध्ये आहे. सातपुड्यातल्या नेटला याहून जास्त कशाची गरज असेल? मसुदा आपोआप साठवणं, वेळ संपण्याआधी सूचना देणं, पुन्हा लॉगिन केल्यावर होतं तिथून सुरू करू देणं, एवढं प्रत्येक सरकारी संकेतस्थळावर झालं तरी आमच्या ओट्यावरची रांग निम्मी होईल. संकेतस्थळ बांधणाऱ्यांनी ते एकदा तरी आमच्या नेटवर, आमच्या यंत्रावर, रांग समोर बसलेली असताना चालवून पाहावं, ही माझी मनापासून विनंती आहे.

तोवर माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येकासाठी एक पान. वर नाव, खाली अर्जात काय भरलं, कुठवर आलं, काय राहिलं. टॅब रिकामा झाला की त्या पानावरून मी पुन्हा भरते. काल संध्याकाळी दिवे गेले तेव्हा एका ताईचा अर्ज अर्ध्यावर होता आणि नवऱ्याचा फोन लागत नव्हता. तिने विचारलं, "उद्या परत सगळं सांगावं लागेल का?" मी वही फिरवून तिच्यापुढे धरली आणि वरचं नाव बोटाने दाखवून वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि जीप गाठायला निघाली. आज सकाळी मी सगळ्यात आधी तेच पान उघडलं.