धुरेवरचा भार

बैलगाडी भरणाऱ्या माणसाने मराठीला दोन नेमके शब्द दिले आहेत : उलाळ आणि धुरजड. आखाच्या मागे भार अधिक झाला की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलली जाते आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला काचू लागतात. भार पुढे अधिक झाला की ती धुरजड होते आणि ओझे बैलांच्या मानेवर बसते. जाणता गाडीवान पोती किती आहेत एवढेच पाहत नाही. ती कोठे ठेवावीत, हे तो आधी ठरवतो. बैलांची ताकद त्याला ठाऊक असतेच. परंतु ती ताकद आणि ते ओझे यांची गाठ जेथे पडते, तेथे त्याचे लक्ष असते.

बेंगळुरूने १९८१ मध्ये या गाडीला एका अपूर्व कामी लावले. 'ॲपल' हा दळणवळणाचा प्रायोगिक उपग्रह अवकाशात जाण्यापूर्वी त्याच्या अँटेनाची चाचणी घ्यावयाची होती. धातूच्या सांगाड्याच्या वाहनाने तीत व्यत्यय आला असता. म्हणून ६७० किलो वजनाचा तो उपग्रह लाकडी बैलगाडीवर चढवण्यात आला. १९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान अग्निबाणाने तो उड्डाण करता झाला. त्या गाडीचे छायाचित्र पुढे फार गाजले आणि अनेकांनी ते दारिद्र्याचे चित्र म्हणून पाहिले. वस्तुतः ते योग्य वाहनाच्या निवडीचे चित्र आहे. कामाला जे वाहन साजेल ते निवडावे, मग ते प्रतिष्ठेचे असो वा नसो, हा विवेक त्यात आहे.

हा विवेक यंत्रयुगात ज्या जागी कसाला लागतो, तिला वाहनशास्त्रात 'पाचवे चाक' म्हणतात. घोडागाडीचा पुढचा आख वळावा म्हणून त्यावर एक आडवे वर्तुळ बसवीत. चार उभ्या चाकांच्या जोडीला आडवे म्हणून ते पाचवे. आज ते चाक राहिलेले नाही. ती एक खाच असलेली जाड पोलादी तबकडी आहे. ट्रेलरच्या पुढील भागाखालची खुंटी तीत अडकते, वळते आणि आपला भार तीवर टेकवते. डेट्रॉईट येथील ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहार-गाडीकाराने १९१४ मध्ये एका लाकूड-व्यापाऱ्याची नौका नेण्यासाठी असाच पुढची चाके नसलेला ट्रेलर बांधला. तो ओढला फोर्डच्या 'मॉडेल टी' या हलक्या मोटारीने.

आजही अमेरिकेत अनेक कुटुंबे फिरते घर हलक्या पिकअपच्या मागे जोडून प्रवासाला निघतात. अशा ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के हिस्सा त्या खुंटीवाटे पिकअपवर येतो. ट्रेलर ४००० किलोंचा असेल, तर ६०० ते १००० किलो भार पिकअपच्या पाठीवर बसतो. त्यात माणसे आणि सामान मिळवावयाचे. तबकडी मागच्या आखाच्या थेट वर किंवा किंचित पुढे असेल तर गाडी स्थिर राहते. मागे सरकली तर पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हातचे जाते. इंजिन ओढण्यास समर्थ असते, पण कमानी, टायर आणि आख त्यापूर्वीच आपल्या मर्यादेस पोचतात. बैलगाडीच्या भाषेत सांगावयाचे, तर बैल दमण्याआधी मान दबते.

आपल्याकडे हलक्या गाडीला ट्रेलर क्वचितच जोडला जातो. ओझे तिच्याच पाठीवर रचले जाते. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसला लोकांनी 'छोटा हाथी' हे लाडके नाव दिले. त्या नावात कौतुक आहे, आणि हत्तीइतके लादण्याचा मोहही आहे.

याच्या अगदी उलट टोकाचे दृश्य बेंगळुरूने २०१९ मध्ये पाहिले. तामिळनाडूतील वंदवासीजवळ घडवलेली विष्णूची प्रचंड एकसंध शिळा एजिपुरा येथील मंदिराकडे निघाली होती. तिच्यासाठी २४० टायरांचे वाहन लागले आणि प्रवासाला कित्येक महिने. भाराला नमवण्याऐवजी तेथे भारासाठी चाके वाढवली गेली, आणि गतीचा आग्रह सोडला गेला.

प्रत्येक रस्त्यावर हा आग्रह सुटत नाही. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावरील नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालवाहू वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. २१ डिसेंबर २०२४ रोजी बेंगळुरूजवळ नेलमंगल परिसरात कंटेनर नेणारा ट्रक दुभाजक ओलांडून एका मोटारीवर उलटला आणि एकाच कुटुंबातील सहा जण गेले. प्रत्येक अपघाताची कारणे निराळी असतात. परंतु एक गोष्ट त्यांत समान असते : भार जेव्हा ताब्यातून सुटतो, तेव्हा त्याची किंमत तो वाहणाऱ्यापेक्षा वाटेवरच्या परक्या माणसाला अधिक मोजावी लागते.

म्हणूनच वाहून नेण्याचे सामर्थ्य हा केवळ वाहनाचा गुण मानता येत नाही. तो वाहणारा, भार आणि रस्ता यांच्यातील करार आहे, आणि त्यात रस्त्यावरचा परका माणूस न विचारता सामील केलेला असतो. जाहिरात ओढण्याची ताकद सांगते. थांबण्याचे अंतर सांगत नाही. गाडी उलाळ झाली की धुरजड, हे गाडीवानाला बैलाच्या मानेकडे पाहून कळे. पोलादाला मान नाही. ते दुखते असे सांगत नाही. त्याच्या वतीने माणसानेच निघण्यापूर्वी वजन करावयाचे असते.