धुऱ्यावरचा सोलेभात

डिसेंबर अर्धा सरला की वर्ध्याच्या बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात. त्यांतले कोवळे दाणे म्हणजे सोले. फेब्रुवारी येईतो शेंगा वाळतात, तूर कापणीला येते आणि सोले संपतात. तेवढ्या दिवसांत आमच्याकडे सोल्यांची आमटी होते, सोले-वांगं होतं, कचोरी होते आणि पाहुण्यांसाठी मोकळा, शीत-शीत वेगळं असलेला सोलेभात होतो. त्या मोकळ्या भाताचं कौतुक पुष्कळ झालेलं आहे. मला लिहायचंय ते संध्याकाळी घरच्यांपुरत्या होणाऱ्या पातळ सोलेभाताबद्दल. तो वाटीत घ्यायचा, फुंकत फुंकत वरचं पाणी प्यायचं आणि खाली बसलेलं बोटांनी संपवायचं. पाहुणा दारात दिसला तर गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण पडतं आणि पोळ्या लाटायला घेतल्या जातात, इतका तो घरचा.

आमच्या भागात तूर एकटी क्वचितच पेरतात. कपाशीच्या काही तासांमागे, म्हणजे ओळींमागे, एक तास तुरीचं, हल्ली सोयाबीनच्या मध्येही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरलेली ही तूर सोयाबीन निघून गेलं, कपाशीच्या दोन वेचण्या झाल्या, तरी उभीच असते. मुळं खोल जातात, म्हणून पाऊस थांबल्यावरही ती जमिनीतली ओल शोधत राहते. थंडीत फुलावर येते आणि नेमकी तेव्हा धुई पडली तर फूल गळतं. त्यातून वाचली तर अळी. अळीतून वाचली तर रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं. बोरच्या जंगलाला लागून असलेल्या सेलू तालुक्यातल्या गावांत कोणालाही विचारा, तुरीला शेंग भरली की माणसं घरी झोपत नाहीत. जागलीला जातात.

माझे आबाजी, म्हणजे आजोबा, सांगत, हा भात मुळात जागलीचाच. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेच्या तुरीचे चार फाटे मोडायचे, त्यांच्या शेंगा सोलत बसायचं, म्हणजे हातांना काम आणि डोळ्यांना जाग. तीन दगडांची चूल, जर्मनचा गंज, मीठ, तिखटाची पुडी, लसणाचा गड्डा. चुलीत गेल्या वर्षीच्या वाळलेल्या तुराट्या. त्या चटकन पेटतात, भडकतात आणि तितक्याच लवकर विझतात, म्हणून कोणीतरी सतत चुलीपाशी हवं. यंदाची तूर गंजात आणि मागच्या वर्षीची गंजाखाली, हे त्यांना फार आवडायचं. पातळ का, यालाही त्यांच्याकडे उत्तर होतं. घट्ट खाल्लं की डोळा लागतो. शिवाय रात्री उशिरा शेजारच्या वावरातला कोणी शेकोटीकडे आला की पाणी वाढवता येतं. "टाक ना बे अजून गिलासभर, तो येऊन राह्यला," हे वाक्य आबाजी हुबेहूब म्हणून दाखवत.

जागलीवर तांदूळ मात्र नव्हता. वर्धा हा भाताचा मुलूख नव्हे. आमचं मूळ अन्न ज्वारी. आबाजींच्या गंजात पडायच्या त्या ज्वारीच्या कण्या, जात्यावर जाडसर भरडलेल्या. तांदूळ सणावारी, किंवा कोणी आजारी असलं तर. त्या कण्या आता शोधाव्या लागतात, कारण ज्वारीच गेली. कणसावर पाखरं बसतात, ताटं डुकरं लोळवतात, कापणीला माणूस मिळत नाही, आणि त्याच हंगामात सोयाबीन रोख पैसा देतं. जिथं ज्वारी होती तिथं नव्वदीच्या आसपास सोयाबीन पसरलं. मग तांदूळ आला तो रेशनच्या पोत्यातून. २०१५ साली राज्य सरकारनं शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही २ रुपये किलोनं गहू आणि ३ रुपये किलोनं तांदूळ द्यायला सुरुवात केली. त्या यादीत नागपूर विभागातला एकच जिल्हा होता, वर्धा. आमच्या भाताच्या बदललेल्या कृतीमागे हे सगळं उभं आहे. पाककृती सांगणारे "आवडीप्रमाणे बदल करावेत" असं लिहितात. या गंजातला एकही मोठा बदल कोणाच्या आवडीनं झालेला मला दिसत नाही.

बाजारातला विकतचा तांदूळ आला तो पूर्वेकडून, भंडारा-गोंदिया-चंद्रपुरातून. त्यातला आमच्या घरी ठरलेला एचएमटी. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या जेमतेम दीड एकरातल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, दरवर्षी पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून हा बारीक, मऊ शिजणारा तांदूळ निघाला. नाव मिळालं ते त्या काळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचं. वाण देशभर पसरला, दादाजी २०१८ साली गेले तेव्हाही गरीबच होते. एचएमटीचं पोतं फोडताना मला त्यांची आठवण होते, आणि ती सुखाची नसते.

पातळ सोलेभाताला नवा तांदूळ हवा, हे मी ठामपणे सांगते. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि शीत सुटं ठेवतो, तेच मोकळ्या भाताला लागतं. नवा तांदूळ शिजताना चिकटतो, फुटतो, पाण्यात विरघळतो. पोळी-भाजीच्या जेवणात त्याला नावं ठेवतात. इथं तोच दोष उपयोगी. धान कापून नवा तांदूळ बाजारात येतो आणि महिन्याभरात सोले येतात, ही गाठ कोणी जुळवलेली नाही, पण जुळली आहे खरी.

आता कृती. वाटीभर तांदूळ, दोन वाट्या सोले, सहा-सात वाट्या उकळतं पाणी. सोले बाजारात सोललेलेही मिळतात, पिशवीत भरून, चांगल्या चढ्या भावानं. मी शेंगाच घेते, आणि त्याच दिवशी सोलते. तोडलेल्या शेंगेतली साखर तासातासानं पिठूळ होत जाते. काल सोललेला दाणा आणि आज सोललेला दाणा डोळे मिटून ओळखता येतो. शेंग अंगठ्यानं शिवणीवर दाबायची, ती फुटते. अळीनं पोखरलेला दाणा बाजूला. हिरवे आणि जांभळट दाणे वेगळे करणारेही असतात. मी करत नाही.

लसूण, हिरवी मिरची, अद्रक आणि सांबार, म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर, हे देठांसकट खलबत्त्यात ठेचायचं. मिक्सरमध्ये त्याची चटणी होते, ठेचा होत नाही. तेल जरा सैल हातानं. जिरं, कांदा, ठेचा, मग हळद. हळद समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची असली तर निम्मीच घालायची. ती रंगाला आणि वासाला फार जोरकस आहे, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग सोले. त्यांना तेलात परतताना घाई करायची नाही, सालीवर तपकिरी ठिपके उमटले पाहिजेत. त्या क्षणी वास बदलतो. कच्च्या पाल्याचा वास जाऊन भाजल्या शेंगेचा येतो. यातले मूठभर सोले काढून खलबत्त्यात भरड ठेचून परत गंजात टाकायचे. रस्सा दाट होतो तो यानं. काही जण बेसन लावतात, काही खोबरं-खसखशीचा वाटलेला मसाला. तो मसाला सोल्यांच्या आमटीत शोभतो. या भातात तो पडला की सोल्यांची चवच ऐकू येत नाही. आणि गरम मसाला घालणाऱ्यांशी माझं बोलणं नाही.

तांदूळ, मीठ, उकळतं पाणी. झाकण अर्धवट. कुकर वापरता येतो, पण मग सोल्यांचा हिरवा रंग जातो आणि सगळं एकाच पोताचं होतं. गंजात पाऊण तास मंद आचेवर ठेवलं की शीत मोडतं, सोला मात्र दाताखाली राहतो. उतरवल्यावर वरून तूप, किंवा नुसतं कच्चं तेल, आणि लिंबू. पातळ आहे असं वाटलं तरी थांबायचं. ताटं वाढेपर्यंत भात निम्मं पाणी पिऊन बसतो.

आमच्या जिल्ह्यात अन्नाचे प्रयोग म्हटले की लोकांना सेवाग्राम आठवतं. बिनतिखटाचं, उकडलेलं जेवण. पण गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, आले त्याआधी ते वर्ध्यातच मगनवाडीत राहत होते. जमनालाल बजाजांनी दिलेल्या त्या जागेत ग्रामोद्योग संघाचं काम चाले, ते काम पाहणारे कुमारप्पा तिथं होते. घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ यांच्याबरोबर एक अनोळखी दाणाही तिथल्या स्वयंपाकघरात शिजत होता, सोयाबीन. १९३५ साली गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहिलंही. गरिबाच्या ताटात स्वस्तात सकस दाणा यावा, हा हेतू. पुढे अर्ध्या शतकानं सोयाबीन वर्ध्यात आलं, आलं ते असं की ऑगस्टमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच दिसतं. ताटात मात्र आलं नाही. ते कारखान्यात जातं, तेल होतं, पेंड कोंबड्यांना जाते. सोयावडीची भाजी सोडली तर जो दाणा आपण एवढा पिकवतो तो दाणा म्हणून आपण शिजवत नाही. मगनवाडीत जे साधायचं होतं त्याच्या नेमकं उलटं झालं.

मी एक करून पाहिलं. दसऱ्याआधी सोयाबीनची शेंग हिरवी आणि भरलेली असते. ती मिठाच्या पाण्यात उकडून दाणे काढले आणि सोल्यांच्या जागी घातले. दाणा गोडसर लागतो, स्निग्ध लागतो, रस्सा मात्र दाटत नाही, कारण त्यात पिठूळपणा कमी. त्याला बटाटा घालावा लागतो. घरच्यांनी खाल्लं, "बरं आहे" म्हणाले. आमच्या घरी "बरं आहे" याचा अर्थ पुन्हा करू नकोस, असा होतो. मी दरवर्षी करते.

सोल्यांचे दिवस संपल्यावर गंजात काय, हा खरा प्रश्न. उन्हाळ्यात बरबटी, पुण्याकडे जिला चवळी म्हणतात ती. पावसाळ्यात भिजवलेले वाल. अख्खी वाळलेली तूर रात्रभर भिजवूनही सकाळी ताठच असते. तिला टमाटर किंवा चिंच आधी दाखवली तर ती शिजणारच नाही, आंबट नेहमी शेवटी. आणि पाणी. आमच्या जुन्या घराजवळ दोन विहिरी होत्या. एकीचं पाणी पिण्याला, दुसरीचं डाळीला. पहिल्या विहिरीच्या पाण्यात तूर दुपारपर्यंत टणक राही. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा मऊ होऊ देत नाही, हे मी फार पुढे वाचलं. माझ्या आजीनं ते कधीच वाचलं नाही, पण डाळीचा हंडा ती नेमक्या विहिरीवर नेत असे. आता घरात आरओचं यंत्र आहे. कडधान्य त्यात भराभर शिजतं, आणि पिण्यापेक्षा शिजवायलाच ते पाणी जास्त जातं.

याच भाताचं एक सरकारी भावंडही आहे, शाळेतली खिचडी. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, सहावी ते आठवीला १५० आणि ३०. तांदळात लायसिन कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी, दोघं एकमेकांचं उणं भरून काढतात, म्हणून ही जोडी. ती खिचडीही बहुतेक वेळा पातळच असते. मुलं कुरकुरतात. चांगल्या हाताच्या बाईनं केलेली असली तर दुसऱ्यांदा ताट घेऊन येतात.

आणि एक भावंड फार दूर. तूर मूळची भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोचली. जमैकात नाताळच्या भातात हिरवी तूर आणि नारळाचं दूध पडतं. प्वेर्तो रिकोत हिरव्या तुरीला गांदुलेस म्हणतात. तांदूळ घालून केलेला दाट रस्सा म्हणजे आसोपाओ, तो गांदुलेसचाही होतो. नाताळच्या दिवसांत तिथं टोळकी रात्रभर घरोघर गात फिरतात, दार वाजवून लोकांना उठवतात, उठलेलेही टोळीत सामील होतात आणि शेवटच्या घरी पहाटेपहाटे आसोपाओ रांधला जातो. डिसेंबर तोच, तूर तीच, रात्रीची जागही तीच. आबाजींना हे सांगायला हवं होतं. "डुकरं नाहीत वाटते तिकडे, म्हणून गाऊन राह्यले," असं काहीतरी ते म्हणाले असते.

राहिलं वांगं. ते घालावं की नाही यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. सासरचे म्हणतात, सोल्यांना वांग्याशिवाय मजा नाही. माहेरी सोलेभातात वांगं म्हणजे भेसळ. माझं मत असं की मोकळ्या भातात चार फोडी चालतील, पातळ भातात वांगं विरघळून रस्सा करडा करतं आणि बिया जिभेवर येतात. हे मी दरवर्षी सांगते. दरवर्षी माझं लक्ष नसताना गंजात कोणीतरी दोन फोडी टाकून जातं, आणि कोण ते मला पक्कं ठाऊक आहे.