परक्याच्या बाहुल्या

आमच्या घरीं अद्याप अकरा माणसें एका पंगतीस बसतात, व त्यांतील एकानें जेवण टाकलें कीं उरलेल्या दहांस तें तत्काळ कळतें. गेल्या ज्येष्ठांत एके रात्रीं वडील बंधूंचा धाकटा मुलगा अर्धपोटीं पानावरून उठला. वय सोळा, अन्नावर रुसण्याचा त्याचा स्वभाव नव्हे. चौकशी करतां समजलें तें असें कीं, सात महिने खपून त्यानें रचलेल्या चित्रमालिकेचे सगळे भाग त्या दिवशीं दुपारीं यूट्यूबवरून नाहींसे झाले होते. एका परदेशी खेळ-कंपनीनें आपल्या स्वामित्वहक्काचा भंग झाल्याची तक्रार केली होती.

ज्यांच्या घरीं या वयाचीं मुलें आहेत त्यांस हा प्रकार सांगावयास नको. इतर वाचकांसाठीं दोन शब्द लिहितों. संगणकावरील खेळांत हल्लीं नगरें, अरण्यें, वाडे, शिपाई, राण्या असें एक सबंध जग चितारलेलें असतें, व खेळणारा त्यांतील पात्रें आपल्या मर्जीप्रमाणें चालवितो. कोणी आपला खेळच टिपून, वर स्वतःचें भाष्य करीत, इतरांस दाखवितो. कोणी त्या पात्रांकडून भलतेंच नाटक वठवून घेतो. बाहुल्या कंपनीच्या, दोऱ्या हलविणारा हात आणि संवाद मुलाचे, असा हा मामला. अमेरिकेंत कांहीं तरुणांनीं 'हेलो' या खेळांतील शिपायांच्या तोंडीं विनोदी संभाषणें घालून 'रेड व्हर्सेस ब्ल्यू' नांवाची मालिका २००३ सालीं सुरू केली. खेळाची मालक मायक्रोसॉफ्ट कंपनी हिनें ती बंद पाडली नाहीं. उलट २००७ सालीं आपल्या खेळांतील चित्रें रसिकांनीं कोणत्या मर्यादेंत वापरावीं याचे नियमच प्रसिद्ध केले.

आमच्या पुतण्याची कथा मराठी होती. बुडालेल्या नगराची एक म्हातारी राणी आपल्या प्रजेची मोजदाद करीत हिंडते, एवढेंच तिचें सूत्र. राणीचा आवाज आमच्या मातोश्रींचा, वय वर्षें ब्याऐंशी. वहिनींनीं गुप्तहेराचें काम केलें; त्यांचा कुकर मध्येंच शिट्टी देई, म्हणून तो भाग रात्रीं अकरानंतर टिपावा लागला. द्वारपाळाचीं दोन वाक्यें आमच्या वांट्यास आलीं होतीं व त्यांत आम्ही सहा वेळां चुकलों. प्रेक्षक चारशेंच्या आसपास मिळाले, त्यांत निम्मे आमचेच आप्तइष्ट. पैशाचा संबंध नव्हता. मातोश्रींस मात्र या मालिकेनें एक नवेंच काम लागलें होतें. पुढच्या भागांत राणी काय म्हणणार याची त्या सकाळीं पूजा उरकतांच नातवाकडे चौकशी करीत.

वडील बंधु वकिली करतात. त्यांनीं प्रथम पोरालाच धारेवर धरलें. "बाहुल्या कोणाच्या? मग खेळ कोणाला विचारून मांडलास?" दुसऱ्या दिवशीं त्यांनीं पुस्तकें काढलीं, आणि जेवतांना आम्हां सर्वांस अमेरिकन कायद्याचा पाठ मिळाला. 'स्क्रँबल' नांवाच्या खेळाच्या दाव्यांत प्रतिवादीनें असा मुद्दा काढला होता कीं, प्रत्येक खेळणारा निराळें खेळतो, तेव्हां पडद्यावरील देखावा ही कोणाची स्थिर कृति ठरतच नाहीं. अपील कोर्टानें १९८२ सालीं तो फेटाळला. खेळणारा बदलला तरी चित्रें व ध्वनि तेच, सबब हक्क कर्त्याचा. पुढील सालीं दुसऱ्या एका अपील कोर्टानें खेळणाऱ्याची तुलना चित्रकाराशीं न करतां दूरदर्शनसंचावर चॅनेल बदलणाऱ्याशीं केली. हें ऐकून चिरंजीव दोन दिवसांत पहिल्यानेंच बोलले. "बाबा, त्या खेळांतली राणी मुकी आहे. ती बोलते तें आजीच्या तोंडून. मग मीं कोणतें चॅनेल बदललें तें तुम्हीच सांगा." वकीलसाहेबांनीं ताकाची वाटी तोंडास लावली.

दाद मागण्याची सोय नाहीं असें नाहीं. १९९८ च्या अमेरिकन कायद्याप्रमाणें उलट नोटीस देतां येते, व तक्रारदारानें दहा कामाच्या दिवसांत दावा न लावल्यास काढलेलें चित्र परत चढविलें जातें. बंधूंनीं तो मजकूर उतरवून घेतला. त्यांत सही करणाराचें नांव, पत्ता द्यावयाचा. तो तक्रारदाराकडे जावयाचा. आणि परदेशस्थ माणसानें अमेरिकेंतील न्यायालयाचा अधिकार आपणांस मान्य आहे असें लिहून द्यावयाचें. तें वाक्य त्यांनीं दोन वेळां वाचलें. तीस वर्षें लोकांच्या हरकती लिहिणाऱ्या या गृहस्थानें चष्मा काढून ठेवला व कागदाची घडी घातली. चारशें प्रेक्षकांसाठीं कॅलिफोर्नियाच्या कोर्टाची पायरी मान्य करण्याचें धैर्य आमच्या घराण्यांत नाहीं, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं.

कंपन्यांची बाजू पोकळ आहे असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. 'पर्सोना ५' या खेळाच्या बाबतींत ॲटलस कंपनीनें २०१७ च्या एप्रिलांत बजावलें कीं, कथेंतील ७ जुलै ही तारीख ओलांडून पुढचा भाग कोणी दाखवूं नये. ओरड झाली तेव्हां दिलगिरी दर्शवून ती मर्यादा कथेंतील १९ नोव्हेंबरपर्यंत नेली. रहस्य आधींच फुटूं नये ही इच्छा वाजवीच होय. रहस्यकथेचा शेवट आगगाडींत शेजारच्या प्रवाशानें सांगितला म्हणजे काय वाटतें हें आम्हीं अनुभविलें आहे. तसेंच जपानांत कांहीं खेळ असे असतात कीं त्यांत वाचीत जाणें हाच खेळ. अशा 'स्टाइन्स गेट' मालिकेंतील एका खेळाचीं दृश्यें शेवटासह प्रसिद्ध करून जाहिरातींचे पैसे मिळविणाऱ्या एका इसमास सेंदाई येथील जिल्हा न्यायालयानें २०२३ च्या सप्टेंबरांत दोन वर्षांची, पांच वर्षें तहकूब ठेवलेली, कैद व दहा लक्ष येन दंड ठोठावला. सबंध कादंबरी छापून विकण्याहून हें फारसें निराळें नव्हे.

परंतु ज्यानें स्वतःचें कांहीं घातलें त्याचें काय? येथें कंपन्यांचा न्याय लहरीवर चालतो. निन्टेंडोनें २०१३ सालीं लोकांनीं खेळतांना टिपलेल्या चित्रफितींवर यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेमार्फत हक्क सांगून जाहिरातींचें उत्पन्न आपल्याकडे वळविलें. २०१५ सालीं नोंदणीची योजना काढून उत्पन्नाचा शेंकडा साठ ते सत्तर भाग देऊं केला. २०१८ च्या अखेरीस ती योजना गुंडाळली, व ज्या चित्रफितींत कर्त्याची स्वतःची भर किंवा भाष्य असेल तिला नियमांत राहून हरकत नाहीं असें जाहीर केलें. पांच वर्षांत तीन न्याय, आणि कायदा तोच!

आमच्या विद्यार्थिदशेंत स्नेहसंमेलनासाठीं एक नाटक बसवावयाचें होतें. पुस्तकाच्या आरंभीं, मराठी नाटकांच्या पुस्तकांत असते तशी, लेखी परवानगीवांचून प्रयोग करूं नये अशी सूचना होती, व खालीं पत्ता. आम्हीं पत्र टाकलें. उलट टपालीं नाटककारांचें उत्तर आलें: मानधन माफ, अट एकच, शेवटचा प्रवेश कापूं नये. तो प्रवेश आम्हांस कंटाळवाणा वाटत होता, तरी इमानानें केला. पुतण्यानेंही सुरुवातीस कंपनीस इंग्रजींत पत्र पाठविलें होतें असें आतां उघडकीस आलें. पत्र पोंचल्याची यांत्रिक पोंच आली. पुढें सात महिन्यांनीं आली ती तक्रारच.

हें सर्व आम्हीं तावातावानें मांडीत असतां वहिनींनीं हळूच विचारलें, "भावोजी, तुमच्या गोष्टी वाचणाऱ्या त्या बाईंचें काय झालें हो?"

गोष्ट खरी होती. दोन वर्षांपूर्वीं कोणा एका भगिनीनें आमच्या संग्रहांतील तीन कथा यूट्यूबवर मोठ्यानें वाचून दाखविल्या होत्या. आमचें नांव होतें, प्रारंभीं चार शब्द स्तुतीचेही होते, आणि वाचन, खरें सांगावयाचें तर, आमच्या लेखनाहून सरस होतें. परंतु विचारलें नव्हतें. आम्हांस राग आला. आम्हीं तोच तक्ता भरला, त्याच ठिकाणीं कळ दाबली, आणि दोन दिवसांत कथा अदृश्य झाल्या. त्यांचा टपालपत्ता तेथेंच खालीं दिलेला होता. त्यांस एक पत्र लिहावें हें आम्हांस सुचलें नव्हतें.

पुतण्याजवळ आतां नुसते आवाज उरले आहेत. त्यांवर कोणाचा दावा नाहीं. रात्रीं कधीं कधीं तो ते लावतो, व माजघरांतून राणी आपल्या प्रजेची मोजदाद करूं लागते. मातोश्री जपाची माळ थांबवून ऐकतात.

आम्हीं त्या बाईंचा पत्ता हुडकून काढून पत्र लिहिलें आहे. तीनही कथा पूर्ववत् चढवाव्या, तक्रार आम्ही मागें घेतों, मात्र दुसऱ्या कथेचा शेवट त्यांनीं गाळला होता तो गाळूं नये, असें कळविलें आहे. पत्र टाकून बारा दिवस झाले. उत्तर आलेलें नाहीं.