एकच थार, दोन सालं
व्याजाने कर्ज काढायचं नाही हे आमच्या घरात ठरलेलंच. साठवलेल्या रकमेत दोनच गाड्या बसत होत्या: २०२२ची वापरलेली थार, नाहीतर २०२३ची नवी. दिसायला जुळ्या बहिणी! फरक खालच्या अंगाला. २०२२ची प्रत्येक थार चारही चाकांना ताकद देणारी, डिझेल इंजिन २.२ लिटरचं. जानेवारी २०२३मध्ये सोबतीला फक्त मागच्या चाकांवर चालणारी आली. तिचं डिझेल इंजिन दीड लिटरचं. चार मीटरच्या आतल्या गाडीला एवढंच इंजिन असलं की कर कमी, म्हणून तिची सुरुवातीची शोरूम किंमत ९.९९ लाख. मुलं तिच्या नव्या ब्राँझ रंगावर फिदा.

पण कोकणातल्या आमच्या घराची घाटी पावसात शेवाळते आणि अम्मींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. दरवाजे दोघींनाही दोनच, तेव्हा अम्मी पुढेच बसणार. आम्ही २०२२ची घेतली. अशी गाडी पाहायला गेलात तर गिअरजवळचा दुसरा दांडा टाकून चिखलातल्या चढावर चालवूनच बघा. डांबरी रस्त्यावर दोघींत काही कळत नाही.